गॅरेजमधली हत्यारांची पेटी : निवड आणि उभारणीच्या नोंदी, बडोदा 2025

6 जानेवारी. जागा

मांजलपूरचं टेनामेंट, एका गाडीचं गॅरेज. आतून 3.0 × 5.6 मीटर, समोर रोलिंग शटर, जमीन कोटा फरशीची. फरशीला शटरच्या बाजूला उतार आहे. दोन मीटरच्या सरळ पट्टीवर पाणसळ ठेवून मोजला तर साधारण 1:100, म्हणजे मीटरला 10 मिमी.

पेटी मागच्या भिंतीला लागेल. बाजूच्या भिंतीला लावली तर गाडीचं दार उघडत नाही, आणि शटरजवळ पावसाची झड आत येते. गाडी 3.99 मीटरची, म्हणजे मागे 1.61 मीटर उरतात. भिंतीला ओल येते म्हणून 75 मिमी फट सोडायची. पेटीची खोली 460 आणि खण पूर्ण ओढल्यावर 400 धरले की माणसाला उभं राहायला 675 मिमी मिळतात. 600 च्या खाली गेलं की खणात वाकून बघता येत नाही, त्यामुळे 460 पेक्षा फार खोल पेटी इथे चालणार नाही. बाजारात 600 खोलीच्याही पेट्या मिळतात, त्या आत्ताच यादीतून गेल्या.

सगळ्यात महत्त्वाचं माप भिंतीवरच आहे. ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्री नदीच्या पुराची मातकट रेघ फरशीपासून 380 मिमीवर अजून दिसते. बडोद्यात 31 जुलै 2019 लाही रस्त्यारस्त्यांत पाणी भरलं होतं, त्यामुळे असं पुन्हा होणार नाही असं धरून चालत नाही. या रेघेच्या वर किमान 100 मिमी जागा सोडायची, म्हणजे पेटीचा तळ जमिनीपासून 500 मिमीवर हवा. खणांची संख्या, रंग, कुलूप हे सगळं त्यानंतर बघायचं.

11 जानेवारी. वजन आणि उंची

पेटी घ्यायच्या आधी हत्यारं तोलायची. डोळ्यांचा अंदाज इथे नेहमी फसतो, कारण मोठी दिसणारी वस्तू हलकी असते आणि खिळ्यांचा डबा हाताला ओढतो. गटवार वजन असं भरलं:

डबल, रिंग आणि कॉम्बिनेशन पाने 11 किलो. सॉकेट, रॅचेट, एक्स्टेन्शन, टॉर्क पाना 13. पक्कड, कटर, स्क्रू ड्रायव्हर, एलन की 7. व्हर्नियर, गुण्या, टेप वगैरे मोजमापाची हत्यारं 4. वायरिंगचं सामान मल्टिमीटर आणि सोल्डरिंगसकट 6. ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ 12. ड्रिल बिट, टॅप आणि डाय 5. हातोडे, छिन्न्या, कानशी, पाइप पाने 19. सुतारकामाचे रंधे, पटाश्या, करवती, क्लॅम्प 14. नट-बोल्ट, स्क्रू, खिळे, रावळप्लग 23.

एकूण 114 किलो. हत्यारं वाढतच जातात, म्हणून पेटी, स्टँड आणि भिंत मिळून 150 किलोच्या हिशेबाने आखायची.

मग सगळं फरशीवर पसरून उंची मोजली. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, व्हर्नियर, बहुतेक सॉकेट, सगळं आडवं ठेवलं की 45 मिमीच्या आत बसतं. 75 च्या वर जाणारी फक्त पॉवर टूल्स आणि काही डबे. म्हणजे उथळ खण जास्त हवेत, खोल खण कमी. बाजारातल्या बऱ्याच पेट्यांत हे उलटं असतं: दोन उथळ आणि चार खोल. खोल खणात एकावर एक थर बसतात, आणि खालच्या थरातला 13 चा पाना हवा असला की वरचं सगळं बाहेर काढावं लागतं. तसं दोनदा झालं की माणूस पाना खणात परत ठेवायचंच सोडून देतो.

17 जानेवारी. पत्रा

उत्तरायण (संक्रांत) संपून दुकानं उघडली. पेटीवर '20 गेज', 'हेवी ड्यूटी' असं लिहिलेलं असतं, त्यावर न जाता मोजावं. आपल्याकडे गेज म्हणजे एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज, जाडीचं ब्रिटिश माप): 18 गेज 1.22 मिमी, 20 गेज 0.91, 22 गेज 0.71, 24 गेज 0.56. खणाची वरची कड दुमडलेली असते, तिथे व्हर्नियर लावला तर दुप्पट माप येतं, म्हणून मागच्या पत्र्याची मोकळी कड शोधायची. पावडर कोटिंग दोन्ही बाजूंना साधारण 60 ते 80 मायक्रॉनचं असतं, म्हणून आलेल्या मापातून 0.14 मिमी वजा करायचे.

कड सापडली नाही तर पेटी तोलायची. 1 मिमी पत्र्याचा एक चौरस मीटर 7.85 किलो भरतो. 680 × 460 × 600 मापाच्या पेटीत नुसत्या बाहेरच्या खोक्याला साधारण 1.6 चौ.मी. पत्रा लागतो, म्हणजे साडेबारा किलो. 0.8 च्या पत्र्याचे सहा खण, प्रत्येकी पावणेतीन किलो धरून सतरा. खण ज्यांवर सरकतात ते सहा जोड चॅनल सहा किलो. दुमडी, उभे खांब, मधल्या पट्ट्या तीन किलो. बेरीज 38 ते 39. याच मापाची सहा खणांची एक पेटी '1 मिमी बॉडी' सांगून दाखवली, काट्यावर 27 भरली. 12 किलो लोखंड कुठेतरी कमी आहे, आणि ते बहुधा मागच्या पत्र्यात आणि खणांच्या तळात.

पातळ पत्र्याची पेटी लगेच मोडत नाही. खणाचा तळ मध्ये बसतो, मग खालच्या खणातल्या हत्यारांना घासायला लागतो. बाजू आत-बाहेर दबतात, चॅनलमधलं अंतर बदलतं, आणि मग लोक चॅनल खराब म्हणून बदलतात. खणाच्या तळाला खालून आडवी पट्टी वेल्ड केलेली आहे का, ते हात घालून बघावं.

25 जानेवारी. चॅनल

साध्या पेटीत खण पत्र्याच्या घडीवर सरकतो. 5 किलोपर्यंत ते ठीक. त्यापुढे बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनलच हवेत, आणि पूर्ण उघडणारे. तीन चतुर्थांश उघडणाऱ्या चॅनलमध्ये 400 च्या खणातले मागचे 100 मिमी कायम अंधारात राहतात.

45 मिमी उंचीच्या चॅनलची जाडी प्रत्येक बाजूला 12.7 मिमी, त्यामुळे खण मोकळ्या जागेपेक्षा 25.4 मिमी अरुंद लागतो. 24 ठेवले तर खण जड ओढला जातो, 27 झाले की बॉल सैल चालतात आणि खण समोर झुकतो. या चॅनलच्या जोडीवर साधारण 45 किलो लिहिलेलं असतं. आमचा नियम: खणाच्या वजनासकट भार लिहिलेल्या आकड्याच्या 60 टक्क्यांच्या आत ठेवायचा. लिहिलेला भार सारखा पसरलेला धरतात, आपण मात्र जड वस्तू हाताशी, म्हणजे पुढच्या बाजूला ठेवतो. आमचा सगळ्यात जड खण बोल्टांचा: 23 आणि खणाचे स्वतःचे 3 मिळून 26 किलो. 45 च्या 58 टक्के. बसतं.

दुकानात तपासायला वीस लिटरचा पाण्याचा जार पुरतो, तो प्रत्येक दुकानात असतोच. खण पूर्ण ओढायचा, एका हाताने पेटी दाबून धरायची, जार मध्यावर ठेवायचा आणि समोरची कड किती खाली जाते ते पट्टीने मोजायचं. एका पेटीत 4 मिमी गेली, दुसरीत 9. नऊवाल्या खणाला आडवं हलवलं तर कडेला टक् टक् आवाज येत होता. ती तिथेच सोडली.

आणखी एक गोष्ट, बडोद्यासाठी मला ही सगळ्यात मोलाची वाटते: खण सुटा करता येतो का. चॅनलच्या मधल्या भागात काळा प्लास्टिकचा लहान लिव्हर असतो. दोन्ही बाजूंना एकच चॅनल उलटासुलटा लावलेला असल्यामुळे एका बाजूचा लिव्हर वर उचलावा लागतो आणि दुसऱ्या बाजूचा खाली दाबावा लागतो. दोन्ही एकदम केले की भरलेला खण तसाच हातात येतो. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की पेटी कोणी जिन्याने वर नेत नाही, खण मात्र नेता येतात. लिव्हर नसलेली, स्क्रूने बसवलेल्या खणांची पेटी कितीही भक्कम असली तरी या शहरात घेऊ नये.

2 फेब्रुवारी. चाकं की पाय

चाकांची पेटी दिसायला सोयीची. तिचा हिशेब असा.

चाकावरचा भार: पेटी 45, हत्यारं 150, मिळून 195. चाराने नाही, तिनाने भागायचं, कारण उंचसखल फरशीवर एका वेळी तीनच चाकं खरी टेकतात. 65 किलो आले, म्हणजे प्रत्येकी किमान 80 किलोचं, 100 किंवा 125 मिमी व्यासाचं चाक. पेटीबरोबर येणारी 50 आणि 63 मिमीची चाकं कोटा फरशीच्या सांध्यात अडकतात.

उलटण्याचा धोका: चाकं समोरच्या कडेपासून 60 मिमी आत असतात. 460 खोलीच्या पेटीचं केंद्र चाकांपासून 170 मिमी मागे. रिकाम्या पेटीचा जोर 45 × 170 = 7650. आता बोल्टांचा 26 किलोचा खण पूर्ण ओढला तर त्याचं केंद्र चाकांच्या 260 मिमी पुढे, जोर 6760. तो उघडा असताना पान्यांचा 14 किलोचा खणही ओढला की आणखी 3640. बेरीज 10400, पेटी तोंडावर येते. बाकीचे खण भरलेले असतील तर ती टिकते. म्हणूनच नवी पेटी भरताना धोका सगळ्यात जास्त: पहिले दोन जड खण भरून दोन्ही उघडे ठेवून माणूस तिसऱ्याचं सामान आणायला वळतो. एका वेळी एकच खण उघडेल असं आतलं कुलूप असलेली पेटी मिळाली तर जास्तीचे पैसे द्यावेत. ते नसेल तर भरायला खालच्या खणापासून सुरुवात करावी.

तिसरं, उतार. मागच्या भिंतीला पेटीचं तोंड शटरकडे, उतारही शटरकडे. 460 मध्ये 5 मिमीचा झुकाव. खणाला बंद झाल्यावर धरून ठेवणारी खटकी नसेल तर भरलेला खण हळूहळू आपोआप बाहेर येतो.

आणि शेवटी पूर. चाकांच्या पेटीचा सगळ्यात खालचा खण जमिनीपासून 150 मिमीवर. मागच्या वेळच्या पाण्यात तो आणि त्याच्या वरचा, दोन्ही बुडाले असते. चाकं बाद.

9 फेब्रुवारी. ठरलं

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पूर्ण पेटी बनवून घेण्याचा पर्याय होता. तिथे पत्रा जाड मिळतो, कोटिंगही जवळच होतं. पण खणांच्या घड्या आणि चॅनलची 25.4 मिमीची फट सहा वेळा अचूक येणं छोट्या वर्कशॉपच्या बेंडिंगवर अवघड आहे. अर्ध्या मिमीची चूक प्रत्येक खणात वेगळी येते. लोखंडी कपाट आणि आत प्लास्टिकचे ट्रे स्वस्त पडतं, पण मागची वस्तू काढायला पुढचं सगळं हलवावं लागतं. पाच कप्प्यांची, दोन बाजूंना उघडणारी उचलायची पेटी कामावर नेण्यासाठी उत्तम. 114 किलोसाठी नाही.

म्हणून खणांची पेटी कारखान्यातली तयार घ्यायची, चाकांशिवायची, 680 × 460 × 600, सहा खणांची, आणि तिच्याखाली 500 मिमीचं अँगलचं स्टँड गल्लीतल्या वेल्डरकडून. खणांच्या उंच्या वरून खाली: 50, 50, 75, 75, 125, 150. पेटीचा माथा 1100 वर येतो, सर्वात वरच्या खणात उभ्याने वाकून तळ दिसतो. 1300 च्या वर खण गेला की हाताने चाचपावं लागतं.

हातोडे, पाइप पाने, कानशी आणि सुतारकामाची हत्यारं, मिळून 33 किलो, भिंतीवर फळीला. पेटीत राहतात 81 किलो.

18 फेब्रुवारी. स्टँड

40 × 40 × 5 चा अँगल, सहा मीटरचा एक नग पुरतो. पाय 460 चे चार (1.84 मी.), वरची चौकट 660 × 440 ची (2.20), खाली 150 मिमीवर तीन बाजूंना आडवे (1.54). एकूण 5.58 मीटर, वजन पावणेसतरा किलो. समोरचा आडवा मुद्दाम लावला नाही. खालच्या मोकळ्या जागेत घमेली, फावडं, पहार आणि प्लास्टिकचे क्रेट सरळ सरकतात. ही सगळी पाण्यात भिजली तरी धुवून परत वापरायची.

प्रत्येक पायाच्या तळाला 5 मिमीची प्लेट, तिला एम 12 चा नट वेल्ड, खालून लेव्हलिंगचा बोल्ट आणि चेकनट. नट वेल्ड करताना त्यात जुना बोल्ट फिरवून ठेवावा, नाहीतर छिटे आट्यांत बसतात आणि नवीन बोल्ट जात नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून घेतले: 793 आणि 794. दोन मिमीपर्यंतचा फरक चालतो. आधी चारही कोपऱ्यांना टाके मारून कर्ण बघायचे आणि मगच पूर्ण वेल्ड करायचं. एक कोपरा पूर्ण करून पुढच्याकडे गेलं की लोखंड ओढलं जातं आणि चौकट तिरकी होते.

1 मार्च. रंग

वेल्डवरचा स्लॅग छिन्नीने काढून ग्राइंडर फिरवला, थिनरने पुसलं. नुसता रेड ऑक्साइड पाण्यात उभ्या राहणाऱ्या पायांना टिकत नाही. दोन हात इपॉक्सी प्रायमर, वर दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) रंग. अँगलच्या आतल्या कोपऱ्यात आणि तळप्लेटच्या सांध्यात ब्रश दाबून रंग भरला. गंज तिथूनच सुरू होतो. पावडर कोटिंगने हे सांधे नीट भरत नाहीत, शिवाय एकदा उडालं की घरी दुरुस्त होत नाही.

8 मार्च. उभारणी

आधी स्टँड, दोन्ही दिशांना पाणसळ लावून. समोरचे बोल्ट मागच्यांपेक्षा 5 मिमी जास्त बाहेर आले, हा उताराचा हिशेब. मग रिकामी पेटी, खण काढून, दोघांनी उचलून. खणांसकट उचलली तर खण सरकतात आणि बोटं सापडतात.

पेटी बसल्यावर खण घालायच्या आधी समोरच्या तोंडाचे कर्ण पुन्हा मोजले. पेटी एका कोपऱ्यावर टेकली असेल तर तिचं तोंड समांतरभुज होतं, आणि मग नवे कोरे खण एका बाजूला घासतात. घासणारा खण दिसला की चॅनलला हात लावू नये. आधी ज्या पायावर भार नाही तो पाव फेरा फिरवून बघावा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतो.

भिंतीला बांधणी: 40 × 5 ची पट्टी एल आकारात वाकवून, 75 ची फट राखून, माथ्याजवळ दोन. पेटीच्या मागच्या पातळ पत्र्याला नुसता बोल्ट मारला तर तो भोक फाडून निघतो, म्हणून आतून 3 मिमीची प्लेट. भिंतीत अँकर फास्टनर, 8 मिमीचे. 20 मिमी प्लास्टर सोडून विटेत किमान 60 मिमी शिरले पाहिजेत. ड्रिल करताना बाहेर येणारी भुकटी बघायची: लाल येत असेल तर वीट, राखाडी येत राहिली तर बिट सांध्यात गेलाय, भोक 40 मिमी बाजूला घ्यायचं. स्टँडवर ही पेटी स्वतःहून उलटत नाही, पण वीस किलोचं मूल उघड्या खणाच्या मुठीला लोंबकळलं तर हलक्या पेटीचा तोल जातो. लहान मुलं असलेल्या घरात ही बांधणी टाळू नये.

16 मार्च. मांडणी

धुळवड झाल्यावर भरायला घेतलं, खालून वर.

खण 6 (150): नट-बोल्ट, स्क्रू. झाकणाचे प्लास्टिकचे डबे, मापाचं लेबल झाकणावर आणि बाजूला. खण 5 (125): ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ, वायर गुंडाळून वेल्क्रोच्या पट्टीने. ग्राइंडरची डिस्क काढून ठेवायची. खण 4: वायरिंग. खण 3: सॉकेट आणि बिट, 18 किलो. टॉर्क पाना नेहमी सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवायचा. दाबलेल्या स्प्रिंगने महिनोन्‌महिने पडला तर त्याचं माप बिघडतं. खण 2: पाने, लहान ते मोठे, डावीकडून. खण 1: पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मोजमाप.

तळाला अस्तर म्हणून 3 मिमीची घट्ट रबरशीट, तेलाने न फुगणारी. मऊ फोम कापून प्रत्येक हत्याराचा साचा करण्याची पद्धत देखणी आहे आणि हरवलेला पाना लगेच कळतो. आम्ही ती फक्त खण 2 आणि 3 ला वापरली, बंद पेशींच्या फोमची. उघड्या पेशींचा फोम पावसाळ्यात ओलावा धरून बसतो आणि हत्याराला खालून गंज चढतो, वरून काही दिसत नाही. एमडीएफचे ट्रे तर घालूच नयेत. त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने बंद खणातलं लोखंड तपकिरी पडतं.

कानशी भिंतीवर, प्रत्येक वेगळ्या म्यानात. एकमेकींवर आपटल्या की दात जातात. कानशीला तेल लावायचं नाही, बुरा दातांत बसतो आणि ती घसरायला लागते.

20 एप्रिल. गॅरेजमधून बाहेर काढायच्या वस्तू

दुपारी शटर बंद असताना आत 43 अंश. कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्या घरात, अर्ध्या चार्जवर. पेटीत फक्त मशीन.

फरशी धुण्याच्या ॲसिडची बाटली गॅरेजमधून कायमची बाहेर. तिचं झाकण कितीही घट्ट असलं तरी हायड्रोक्लोरिकची वाफ सुटते आणि बंद खोलीतल्या प्रत्येक उघड्या लोखंडावर बसते. क्रोम केलेल्या पान्यांवरही बारीक ठिपके येतात. चांगली पेटी, चांगलं तेल आणि तरी गंज, असं असेल तर आधी ही बाटली शोधावी. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरीही पेटीजवळ नको, चार्ज होताना तिच्यातून आम्लाचे सूक्ष्म थेंब उडतात.

14 जून. खण काढण्याचा सराव

पावसाच्या आधी एकदा सगळे खण काढून वरच्या मजल्यावर नेले. क्रम: खण 6 चे डबे आधी बाहेर, मग रिकामा खण. 26 किलोचा खण जिन्यावर एकट्याने नेऊ नये. बाकीचे 9 ते 21 किलोचे, एकेकाने नेण्याजोगे.

परत घालतानाच चॅनल बिघडतात, म्हणून नीट. पेटीतला मधला भाग पूर्ण बाहेर ओढायचा. त्यातली बॉलची जाळी बोटाने पुढे, अगदी तोंडाशी आणायची. मग खणाच्या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, समपातळीत, जाळीत शिरवायच्या आणि सरळ आत ढकलायचं. जाळी मागे राहिली असेल तर पट्टी तिच्यावर आदळते, जाळी वाकते आणि बॉल टपाटप खाली पडतात. मध्येच जड लागलं तर थांबून बाहेर काढायचं, ठोसा मारायचा नाही. दोन्ही लिव्हर टक् करून बसले की झालं.

पुराचा गाळ चॅनलमध्ये गेलाच तर आधी स्वच्छ पाण्याने धुवायचं, वाळवायचं, मग रॉकेलने, आणि शेवटी पातळ ग्रीस. गाळावरच स्प्रे मारला तर त्याची खरवड तयार होते.

20 जुलै. ओल

गॅरेजमध्ये आर्द्रता सकाळी 86, दुपारी 74. लोखंडाला 60 च्या वर गंज वेगाने धरतो.

सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाकून काय मिळतं, त्याचा हिशेब करून बघावा. 30 अंशांना 85 टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला साधारण 26 ग्रॅम पाणी असतं, 50 टक्क्यांना 15. पेटीचं आकारमान 0.19 घनमीटर, म्हणजे हवा एकदा बदलली की दोन ग्रॅम पाणी शोषावं लागतं. अर्धा किलो सिलिका साधारण 140 ग्रॅम धरतो. खण उघडबंद करून आणि फटींतून दिवसाला पाच-सहा वेळा हवा बदलली की तो दोन आठवड्यांच्या आत भरला. सबंध पेटीसाठी हे परवडत नाही. म्हणून व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि टॅप-डाय रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यात 50 ग्रॅम सिलिका, तो डबा खणात. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास.

बाकी खणांना व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा), तळाला एक आणि वर एक. त्याची वाफ साधारण 30 सेंमीपर्यंत काम करते, आणि खण बंद राहिला तरच. उघड्या भिंतीवरच्या हत्यारांना त्याचा उपयोग नाही. त्यांना शिलाई मशीनचं पातळ तेल, फडक्याने पुसटसं. खाण्याचं तेल हवेने घट्ट होऊन चिकटतं, धूळ धरतं. काळ्या फिनिशचे इम्पॅक्ट सॉकेट क्रोमपेक्षा आधी गंजतात, त्यांना महिन्यातून एकदा तेल.

30 ऑगस्ट. किरकोळ

भिंतीला ओलीचा पट्टा 300 मिमीपर्यंत चढला, 75 च्या फटीमुळे पेटीची पाठ कोरडी. दोन अँकर पुन्हा आवळले. विटेत पहिल्या पावसाळ्यानंतर ते थोडे सैल होतातच.

मागच्या दिव्याची वायर ज्या भोकातून येते तिथे रबरी ग्रोमेट घातला. झुरळं तिथून शिरत होती.

खण 6 तोलला: 29 किलो, खणाचे 3 धरून 32. चॅनलच्या 71 टक्के. रावळप्लग, खिळे आणि लाकडी स्क्रू भिंतीवरच्या बिनमध्ये हलवले, खणात सामान 21 राहिलं. दिवाळीच्या सफाईत पुन्हा तोलायचा.